कपाटातली सर्टिफिकेटं

"ए मास्तरीणबाई, मेंढरं वळायची सवय हाय न्हवं तुला? मग आता गाड्या वळ."

संस्थेचे अध्यक्ष हे सगळ्यांसमोर बोलले. शाळा त्यांची, शाळेखालची जमीन त्यांची, आणि त्या दिवशी त्यांच्या पोराची हळदही शाळेच्याच मैदानात. आम्ही शिक्षिका सकाळपासून राबत होतो. कुणी पाण्याचे जार भरत होतं, कुणी उष्ट्या पत्रावळ्या उचलत होतं. मी सातवीला विज्ञान शिकवते. पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायला माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली.

माझं माहेर माले गावाकडचं, धनगराचं. मेंढरांची मला कधीच लाज वाटली नाही. त्यांच्याच जिवावर बापाने मला बी.एड. केलं. पण हा माणूस त्या कामाचं नाव शिवीसारखं घेत होता. पाहुणे हसले. मी शिट्टी वाजवली. हो, वाजवली! माझी मूळ सर्टिफिकेटं त्याच्या कपाटात होती.

आमच्या शाळेची ही रीतच. नोकरीला लागताना मूळ कागद ऑफिसात जमा करायचे. सोडून जातो म्हटलं की कपाटाची किल्ली सापडत नाही. मी तर हौसेने लॅमिनेट करून दिले होते.

एक गाडी थांबली. मागे माझ्या वर्गातली मुलगी.

"बाई, तुम्ही इथं पण कामाला?"

तिने साधंच विचारलं. मी हातानेच गाडी पुढे घ्यायची खूण केली.

तेवढ्यात शेवंता पत्रावळ्यांची टोपली घेऊन समोरून गेली. नवीन लागलेली शिक्षिका. रडत होती. कागद द्यायला ती कचरत होती, तेव्हा "देऊन टाक गं, पद्धत आहे इथली," असं मीच तिला म्हटलं होतं. माझीच मला चीड आली.

मी शिट्टी काढून अध्यक्षांपुढे ठेवली. शेवंताच्या हातातली टोपली खाली ठेवली. तिला घेऊन निघाले.

"कागद कुटं हायेत, ठाव हाय ना?"

"ठाव हाय. तेच मागायला येनारे."

त्याच दुपारी भुकूमला माझ्या भाड्याच्या खोलीत आम्ही अकराजणी बसलो. संघटना करायचं ठरलं. दोघींनी अर्जावर सही केली नाही. त्यांना मी काय बोलणार? पहिली सही माझी. आठवड्यात मला काढून टाकलं. तेव्हापासून रोज शाळा भरताना सगळ्यांचे कागद मागत गेटबाहेर उभी असते.

परवा अध्यक्षांचा निरोप आला, "तुजे कागद घिऊन जा आन् गप बस."

मी उलट निरोप धाडला. आधी शेवंताचे द्या. मग बाकीच्या सगळ्यांचे. माझे शेवटी घेईन.