बाबांच्या गिटारचा मुका पिकअप

हे लिहू की नको, यात बरेच दिवस गेले. या सदरातले अनुभव मी वाचते ते चहाबरोबर, करमणूक म्हणून — आणि मनातल्या मनात प्रत्येकाला कारण शोधून देते. सैल वायरिंग, उंदीर, अपुरी झोप... नोकरीच तशी आहे माझी, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. शिवाय आम्ही बौद्ध. घरात कधी कुणाची दृष्ट काढली नाही, दारावर लिंबू-मिरची टांगली नाही. आई मूळची अकोल्याकडची. कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की ती अजूनही म्हणते, "काहून? भुताले दुसरं काम नाही काय?"

पण हे घडलं तेव्हा आई माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती.

बाबा हडपसरला एका कारखान्यात लेथवर होते. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपतीतले मंडप, जयंतीचे कार्यक्रम, लग्नांची रिसेप्शनं. त्यांची इलेक्ट्रिक गिटार सेमी-हॉलो होती, म्हणजे अर्धी पोकळ. मधे लाकडाचा ठोकळा, दोन्ही बाजूंना पोकळी आणि वर व्हायोलिनला असतात तशी वळणदार भोकं. कोरेगाव पार्कातून मायदेशी परत निघालेल्या एका जर्मन माणसाकडून त्यांनी ती घेतली होती. रंग गडद लाल, पिकलेल्या जांभळाच्या रसासारखा.

अ‍ॅम्प्लिफायर ऑर्केस्ट्राच्या मालकाचा, तो घरी कधीच आला नाही. पण अशी गिटार नुसती छेडली तरी आमच्या दोन खोल्यांना पुरायची. संध्याकाळी आई स्टोव्ह पेटवायची, बाबा कॉटवर बसून वाजवायचे आणि मी समोर बसून पाढे म्हणायची. चुकले की बाबा बोलायचे नाहीत. एक तार दाबून, ओढून, असा काही वेडावाकडा सूर काढायचे — टांssव! — की मीच जीभ चावून पुन्हा सुरू करायची. एकोणीसच्या पाढ्याला तर टांव ठरलेलाच. त्या घरातलं मला सगळ्यात स्वच्छ आठवतं ते हेच.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना बाबा गेले. हार्ट अटॅक, कारखान्यातच. गिटार कपाटावर गेली. मग कॅम्पस इंटरव्ह्यू, हिंजवडी, पहाटेची कंपनीची बस, धायरीतला फ्लॅट, त्याचे हप्ते, मग न्यू जर्सीला ऑनसाइट... ज्या पुण्यात बाबा सायकलवर गिटार बांधून जायचे, ते पुणे बघता बघता दुसरंच झालं. आईही बदलली. कमी बोलायची, रेडिओ लावायची नाही. मी समजायचे, वयच झालं.

न्यू जर्सीत एकटी होते तेव्हा वीकेंडला मी गिटार शिकले. परत आल्यावर ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेसाठी टीममधल्या पोरांनी बँड काढला आणि मी बाबांची गिटार खाली उतरवली. अ‍ॅम्पला जोडली, तर एक पिकअप नुसता खरखरतो आणि दुसरा, मानेजवळचा, पूर्ण मुका.

पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला तो चौकोनी तुकडा. आत चुंबक, भोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरच्या तारांची थरथर तो टिपतो आणि अ‍ॅम्पकडे पाठवतो. टिपतो आणि पाठवतो, एवढंच. साठवत काही नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवते आहे.

बाबांबरोबर ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारे फ्रान्सिस अंकल आता कॅम्पात वाद्यं दुरुस्त करायचे. एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे निघाले, तर आई पदर खोचत म्हणाली, "मीही येते. चांगला माणूस आहे तो."

अंकलनी गिटार मांडीवर घेतली आणि बराच वेळ नुसता तिच्यावरून हात फिरवला. मग मल्टिमीटर लावून म्हणाले, "हा गेला बेटा. आत तार तुटलीय कुठेतरी. एक तर नवे पिकअप टाक, नाहीतर हाच रिवाइंड करू. जुनी तार सगळी उलगडून फेकायची, नवी गुंडाळायची."

अमेरिकेहून मी नव्या पिकअपच्या दोन जोड्या मागवून बरोबर नेल्या होत्या, एक दणदणीत आवाजाची आणि एक मवाळ, जुन्या धाटणीची. अंकलनी जुने पिकअप काढून टेबलावर ठेवले आणि आधी दणदणीत जोडी लावली. आवाज जरा वाढवला मात्र, गिटारचं पोकळ पोट असं कोकलायला लागलं की आईने कानांवर हात दाबले.

"हे त्यांचं नाही हं," ती म्हणाली.

"वहिनी, बरोबर. तो असला आवाज एक मिनिट सहन करायचा नाही," अंकल हसले.

मग दुसरी जोडी लावली. गोड होती, उबदार होती. आई म्हणाली, "बरं आहे." पण 'बरं आहे' म्हणजे बाबा नव्हेत... मी वाजवून पाहिलं, अंकलनी वाजवून पाहिलं. चांगली गिटार वाजत होती, एवढंच. माझा धीर सुटला.

"अंकल, तुम्ही जुनाच रिवाइंड करा. निदान चुंबक तरी त्यांचं राहील."

त्यांनी गिटारमधली केबल उपसून टेबलावर टाकली आणि मुका पिकअप हातात घेतला. वरचं पत्र्याचं झाकण काढलं. आत काळ्या पट्टीखाली तांब्याची तार चमकत होती. पट्टी सोडवायला त्यांनी ब्लेड उचललं.

आणि अ‍ॅम्पमधून फुरफुर यायला लागली.

मला वाटलं, केबल मोकळी आहे म्हणून आवाज करतेय. पण ही फुरफुर ओळखीची होती. पंप मारलेल्या स्टोव्हची. त्यात भांड्यावर पळी आपटल्याचा आवाज. मग गिटार, पण स्टेजवरची नव्हे. अ‍ॅम्पशिवाय वाजते तशी, किरटी, कॉटवरची. आणि तिच्यावरून एका लहान मुलीचा घाईघाईचा आवाज...

"एकोणीस पाचे पंच्याण्णव, एकोणीस सक... एकोणीस सक..."

टांssव!

त्यावर एक बाई हसली. साधंसुधं नाही, पोट धरून, श्वास अडकेपर्यंत. हसता हसता म्हणाली, "अवो, रडवाल ना पोरीले!" आणि पुन्हा हसली.

मग काही नाही. अ‍ॅम्पची नेहमीची घरघर.

अंकलच्या हातातलं ब्लेड तसंच होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग उठून प्लगच काढून टाकला. "रेडिओ पकडतो कधीकधी," ते म्हणाले.

"अंकल, रेडिओवर माझा पाढा?"

त्यांनी ब्लेड टेबलावर ठेवलं. बाहेर रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न चालू होते, ऊन होतं, कुणीतरी कुणाला तरी गाडी बाजूला घ्यायला सांगत होतं.

आई उठली. टेबलाशी आली आणि तिने तो पिकअप अंकलच्या हातातून काढून घेतला. "हे उलगडू नका," ती म्हणाली. "तिला ते नवे बसवून द्या. मवाळवाले." रुमालात गुंडाळून तिने तो पर्समध्ये ठेवला.

अ‍ॅन्युअल डेला मी त्या मवाळ जोडीवर वाजवलं. आई पहिल्या रांगेत होती.

त्यानंतर मी जे करायचं ते सगळं केलं. तोच पिकअप घेऊन, तीच केबल, तोच अ‍ॅम्प, अंकलच्याच टेबलावर, दुपारच्याच वेळी. अनेकदा. काही आलं नाही. मीटरवर तो मेलेलाच आहे. ऑफिसमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्राने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जुना पिकअप नव्हे, तुमचं डोकं वाजत होतं. सगळे भावुक झालेले, आठवणी ताज्या. जे आठवत होतं तेच ऐकू आलं." मग अंकलनीही तोच पाढा, तेच हसणं ऐकल्याचं मला सांगितलं ते कसं, असं मी विचारलं. "नंतर तुझ्याकडूनच ऐकला असेल," तो म्हणाला.

मी ते मान्यही केलं असतं. स्टोव्ह मला आठवतो, पाढा आठवतो, टांव तर आठवतोच.

पण त्या दुपारी घरी येताना, सिंहगड रोडच्या गर्दीत रिक्षा अडकलेली असताना, आईने मला एक विचारलं होतं. पर्स दोन्ही हातांनी धरून ती समोर बघत म्हणाली, "मी एवढी हसत होते काय गं?"

मी "हो" म्हणाले. खोटं बोलले. आई अशी हसताना मला एकदाही आठवत नाही. तिला स्वतःलाही आठवत नव्हतं. आणि अंकल आमच्या त्या घरी कधी आलेच नव्हते.

मग ते हसू आठवत होतं कुणाला?