वास्तुशांतीची परवानगी

ऐंशीनंतर कधीतरी आम्ही वर्ध्याला दोन खोल्यांचं घर बांधायला घेतलं, तेव्हा घराच्या कागदांमधले सगळे शब्द मला पाठ झाले होते. मी शाळेत गणित शिकवायची आणि आपल्याला एखादी गोष्ट कळत नाही, हे चारचौघांत कबूल करणं मला जिवावर यायचं. तरी रजिस्ट्री ऑफिसबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या अर्जनवीसाला चहा पाजून मी तारण, बोजा, ताबा सगळं विचारून घेतलं. आमचं होतं नजरगहाण. म्हणजे कर्जापोटी घर गृहनिर्माण संस्थेला लिहून दिलेलं, पण ताबा आमचाच. राहणार आम्ही, भिंतीत खिळे ठोकणार आम्ही. ताबेगहाणात मात्र पैसे देणारा घराचा ताबाच घेतो आणि कर्ज फिटेस्तोवर तोच मालक.

साक्षीदार म्हणून माझे बाबा सेलूजवळच्या गावाहून एसटीनं आले. शेती बरी, गावात शब्दाला मान. अर्जनवीस कागद वाचू लागला, ‘गहाणखत’ हा शब्द आला आणि बाबांनी त्याला थांबवलं.

“थांबा जी. घर गहाण, तं मही पोरगी रायन कुठी?”

आवाज शेतातला. आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. माझे कान तापले. मी दबक्या आवाजात म्हणाले, “बाबा, हे नजरगहाण आहे. ताबा आपलाच राहते.”

“उद्या कोनी दारातून वापस धाडलं तं?”

“कोणी नाई धाडत. सही करा.”

त्यांनी सही केली, पण तोंडावरून पटल्यासारखं काही दिसलं नाही. घर पुरं होऊन वास्तुशांतीचा दिवस ठरला, तसे ते आधीच येऊन राहिले. मांडवाचे बांबूही त्यांनीच आणले.

संस्थेच्या सेक्रेटरींची बायको आमच्याच शाळेत होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत ती सगळ्यांदेखत म्हणाली, “अहो, तुमचे वडील काल आमच्याकडे आले होते. टोपी हातात घेऊन उभे. म्हणे, लेकीच्या घरी पूजा घालाची हाय, आंगणात मांडव टाकाचा हाय, तुमची परवानगी असन तं. आमच्या ह्यांना हसू आवरेना!”

स्टाफरूम खो खो हसली. मीही हसले, जरा जास्तच. आणि पुढच्या तासाला फळ्यावर उदाहरण चुकवलं.

घरी आले तेव्हा बाबा अंगणात खड्डे खणत होते. चप्पल न काढताच मी सुरू झाले. “तुम्ही काऊन गेले तिकडे? आपल्याच घरात पूजा करायले परवानगी मागते का कोणी? शाळेत मले तोंड दाखवायले जागा ठेवली नाई. समजत नाई तर गप बसावं माणसानं!”

बापाशी असं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनी हातातली सबल खाली ठेवली.

“समजते, बाई,” ते म्हणाले. “तुह्या अर्जनवीसापेक्षा जास्त समजते. आपल्या मांगच्या गल्लीतलं घर मह्यापाशी ताबेगहाण होतं. तो मानूस आपल्याच घरात मले भाडं देऊन राहे. पोरीचं लग्न निघालं तं मले पुसाले आला, मालक, आंगणात मांडव टाकू का?”

“मग?”

“म्या नाई म्हटलं. भिती खराब होतीन म्हटलं.” ते मातीकडे पाहत होते. “तुहा सेक्रेटरी भला मानूस हाय. हासला, पन हो म्हनला.”

ती मुलगी माझी मैत्रीण होती. तिचं लग्न मारुतीच्या देवळात लागलं. मी तिच्या मागे उभी होते, पंगतीत पोटभर बुंदी खाल्ली. घरी मांडव का नाही गं, असं मी तिला विचारलं होतं, भर बायकांमध्ये. “घरी जागा पुरत नाही,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता हातातला चुडा फिरवत राहिली. त्यांचं अंगण अख्ख्या गल्लीत मोठं होतं. कुणाची मुलगी तिला हे विचारते आहे, ते त्या बायकांमध्ये फक्त मलाच माहीत नव्हतं.