कप हलवल्याशिवाय

इर्बिद या अरब शहरातल्या मैसूनला दुपारी बसवाल्यांना तिकिटांचा प्रोग्राम दाखवायचा होता, आणि तो सुरू केला की मेमरी भरून बंद पडायचा. सकाळी मेमरी दुप्पट केली, तर मेल्यानं तीही गिळली!

शेजारी कॉफीवाले अबू गालिब तिचा कप भरतच होते.

"काका, पुरे की!"

"तोंडानं काय सांगतेस? पाहुण्यानं कप हलवला की मगच आमचा हात थांबतो. घरची रीत विसरलीस, पोरी?"

मैसून थबकली. तिचा प्रोग्रामही वर्षानुवर्षांची तिकिटं ओढतच होता. त्याला पुरे म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. एका वेळी शंभरच घे, असं तिनं बजावलं. प्रोग्राम झोकात पळाला!

तिनं कॉफी संपवून कप गदागदा हलवला.

"अगं, फोडशील!" अबू गालिब हसले. "बसवाले आलेत खाली."