मौनाची कविता आणि वहिनींचे ओठ

मला कवी म्हणणारी माणसं सोलापुरात मोजकीच, आणि त्यातली निम्मी माझ्याच घरात राहतात. तरी एका चित्रकारावर कविता लिहायची खाज मला सुटलीच.

चित्रकार म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. जुळे सोलापूर भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतो. वहिनी गेल्यापासून एकटाच. त्यानं वहिनींचं चित्र काढायला घेतलं होतं, तेही फोटो न बघता. फोटोतली ती फोटोग्राफरला घाबरलेली असते, म्हणायचा. डोळे झाले, नाक झालं, ओठ राहिले होते. "लवकर उरकायला पाहिजे रे," एकदा म्हणाला, "हल्ली तिचा चेहरा सकाळी आठवतो आणि संध्याकाळी निसटतो." मी पडलो कवी, लगेच मनात ओळी जुळवायला लागलो.

कवितेसाठी मी त्याला रंगवताना बघत बसायचो. आणि हा बाबा काय करायचा? चित्राशी भांडायचा! निम्मं मराठीत, निम्मं त्यांच्या घरच्या कानडीत. "सुम्न कुंद्र," म्हणजे गप बस, असं तिला दटावून ब्रश टेकवायचा. मग मंडईतली वांगी, न आलेला सिलिंडर, सुनेचा फोन, सगळं तिच्या कानावर घालायचा. आता हे काय कवितेत घालायचं? सिलिंडर? छे! मी लिहिलं, तो मौनात बुडतो आणि रंग मौनातून उगवतात. ओळीआड मौन. एवढं मौन लिहायला मी बराच आरडाओरडा केला, घरच्यांना विचारा.

कविता रविवारच्या पुरवणीत छापून आली. वाचनालयाच्या कार्यक्रमात वाचली, टाळ्या पडल्या. मित्र पहिल्या रांगेत, डोळे भरलेले. मी आपला हवेत.

मग सगळी बोंब झाली. तो खरंच मौनात बुडाला. वर गेलो तर स्टुलावर बसून चित्राकडे नुसता बघतोय, ब्रश कोरडा. ओठांच्या जागी कॅनव्हास तसाच. "बोलत का नाहीस?" विचारलं तर लाजून म्हणाला, "तुझं वाचल्यावर वाटलं, आपण लई वटवट करतो की. चित्रकारानं कसं शांत असावं." आणि कोरडा ब्रश बोटांत फिरवत, "तिचं हसणंच आठवेना झालंय रे."

कपाळ माझं! आयुष्यात पहिल्यांदा माझी कविता कुणी मनावर घेतली, आणि ती नेमकी ही.

त्याला म्हटलं, सगळं झूट आहे, मी रचलंय ते. त्याला पटेना. "छापून आलंय की," म्हणाला. शेवटी मीच चित्रासमोर उभा राहिलो. शेकडो लोकांसमोर कविता वाचताना लाज वाटली नव्हती, पण तिथं जीभ अडखळली. "वहिनी," म्हणालो, "तुमच्यासारखी धपाटी अख्ख्या सोलापुरात कुणाला जमली नाहीत बघा."

मागून आवाज आला, "कसली धपाटी? मीठ विसरायची ही कायम."

मी गप्प राहिलो. जन्मात एकदाच, योग्य वेळी.

"विसरायचीस का नाही? आणि वर मलाच म्हणायचीस, जीभ गेलीय तुमची." स्टूल पुढं सरकलं. "आता हसू नकोस. सुम्न कुंद्र. ओठ बिघडतोय."

ब्रश रंगात बुडाला होता. मी दारात जाऊन चपला घातल्या, "येतो रे," म्हणालो. दोघांपैकी कुणीच उत्तर दिलं नाही.