चिठ्ठीत निघालेलं गाव

जिल्ह्यात किती जणांच्या डोळ्यांत खुपऱ्या आहेत हे मोजायला निघालेल्या पथकात मी नर्स होते. खुपऱ्या म्हणजे पापणीच्या आत उठणारे दाणे. वर्षानुवर्षं राहिल्या की पापणी आत वळते, केस बुबुळावर घासतात आणि माणूस हळूहळू आंधळा होतो. गावं चिठ्ठ्या टाकून काढली होती. अक्कलकोटच्या पुढचं, कर्नाटकाला चिकटलेलं एक गाव त्यात निघालं. आमच्या घरी कानडी बोलत, म्हणून तिथं मला पुढं केलं.

दिवस आणीबाणीचे. नसबंदीवाले जीपमधून येतात आणि बाप्यांना उचलून नेतात, हे गावोगाव झालं होतं. आम्हीही जीपमधूनच गेलो. त्यातला धोका आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नाही.

तिसऱ्या घरात मी एका चार वर्षांच्या पोराची पापणी उलटली आणि ते किंचाळलं.

"पोरांना बी कापायलेत!" बाहेर कुणीतरी ओरडलं.

पहिला दगड जीपच्या काचेवर बसला. ड्रायव्हरला जमलेल्या बाप्यांनी खाली ओढलं; त्याच्या खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. आमच्या पथकाचे डॉक्टर समजवायला अंगणात गेले. पोराच्या बापानं कुऱ्हाडीचा दांडा त्यांच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं, ते चाचपडत खाली बसले, तरी लाथा थांबेनात. मी "कण्णु अष्टे! डोळेच बघतोय!" असं ओरडत मध्ये पडले. कुणीतरी माझी वेणी धरून मला फरफटत नेलं आणि तोंडावर ठोसा मारला. एक दात निखळून जिभेवर आला.

पोराच्या आईनं मला आणि डॉक्टरांना घरात ढकललं, बाहेरून कडी घातली आणि खुरपं घेऊन दारात उभी राहिली.

"डोळाच बघिटलाय त्यांनी. मी हुते की हितं!"

नवऱ्यानं तिलाही दांड्यानं मारलं. दाराच्या फटीतून मी बघत होते. ती खाली वाकली, परत उभी राहिली. त्यानं पुन्हा मारलं. तिच्या हातातलं खुरपं पडलं, पण दार तिनं सोडलं नाही. शेवटी पोलीस पाटील धावत आले, तेव्हा जमाव पांगला.

"दुसरं गाव घ्या," जिल्ह्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले. डॉक्टरांच्या कपाळावर टाके होते. ते म्हणाले, "मार पडतो ती गावं वगळली, तर जिल्ह्याचा आकडा खोटा होईल." त्यांनी तक्रारही दिली नाही. मला त्यांचा राग आला होता.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याच गावी एसटीनं गेलो, पुढं पायी. त्याच घरात तो बाप मुकाट्यानं माझ्यासमोर बसला. मी त्याची पापणी उलटली. आत जुने व्रण, केस आत वळलेले. आणि माझ्या अंगठ्याचं नख आपोआप रुतत गेलं. मला त्याला दुखवायचं होतं. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं तरी मी सोडलं नाही.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"न्हाय."

डॉक्टरांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. "सिस्टर, तुम्ही लिहा. मी बघतो."

मी खाली मान घालून फॉर्म भरला.

मग त्याची बायको आली. उजवा हात फडक्यात बांधलेला होता.

"अक्का, आमच्यामुळं मार खाल्लात," मी म्हणाले.

"तुमच्यामुळं कशाला? तो मारतोच की."

नवरा तिथंच बसून होता. त्यानं मान वर केली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत खुपऱ्या होत्या. मी तिला मलमाची ट्यूब दिली, एका हातानं कशी लावायची ते दाखवलं. ती तीनदा चुकली, चौथ्यांदा जमलं. मग आम्ही पुढच्या घरी गेलो.