निळ्या खडूच्या तीन रेघा

आधीच सांगून टाकते, मी दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांतली नाही. आमच्या गाळ्यावर कुणी बांधून गेलंच तर मी ती उपटून टाकते. भुताखेताचे अनुभव वाचताना सगळ्यात मोठ्यांदा हसणारी मीच... तेव्हा तुम्हीही खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा छोटासा गाळा आहे. प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं आम्ही हातानं बनवतो. सुरुवात माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे नाना म्हणायचे. नवरा ठाण्याला बँकेत, त्याला काचेत रस शून्य. लग्नानंतर मी एकदा सहज गंमत म्हणून बर्नरपुढे बसले ती बसलेच. एकवीस वर्षं नानांच्या हाताखाली काढली. बोलणी खाल्ली, बोटं भाजली, पण शिकले.

आमच्या कामात सगळा जीव जोडात असतो. एका तुकड्याचं निमुळतं टोक, म्हणजे कोन, दुसऱ्याच्या तोंडात बसतं. त्या तोंडाला सॉकेट म्हणायचं. दोन्हीकडची काच घासून दुधाळ केलेली असते. मध्ये बूच नाही, रबर नाही. काच काचेत घट्ट बसते आणि वाफ अडवते. नाना जोड तपासायचे तो त्यांच्या पद्धतीनं. कोनावर शिंप्याच्या निळ्या खडूनं तीन उभ्या रेघा मारायच्या, तो जोडीदारात घालून किंचित फिरवायचा आणि बाहेर काढायचा. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या तर जोड बसला. नाहीतर पुन्हा घासा!

मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. आता ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या उताराचे जॉइंट बाजारात तयार मिळतात. आपल्या कामाला वितळवून चिकटवले की झालं. यावरून आमची रोजची वादावादी.

"नाना, आता सगळं स्टँडर्ड झालंय हो."

"मशीनचं झालं असेल. हातानं घासलेल्या जुन्या वस्तूचा जोडीदार समोर असल्याशिवाय माप ठरवायचं नाही. आधी जोडीदार मागव."

"गिऱ्हाईक थांबतंय का तेवढं?"

"मग जाऊ दे त्याला दुसरीकडे."

नानांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्यामागे खडूही गेला, गाळ्यात आता त्याचा तुकडासुद्धा नाही. मी तयार जॉइंट लावते आणि मोकळी होते.

तर गेल्या हिवाळ्यात कल्याणच्या एका कॉलेजातून पेठे मॅडमचा फोन आला. त्या केमिस्ट्री शिकवतात. शेंगदाण्यातलं तेल ईथरनं काढायचा प्रयोग असतो, त्याच्या जुन्या उपकरणातला मधला भाग फुटला होता. खालचा चंबू आणि वरचा कंडेन्सर शाबूत. गुरुवारी प्रॅक्टिकल, म्हणून घाई. चंबूच्या तोंडावर पट्टी धरून त्यांनी फोटो पाठवला. चोवीस मिलिमीटर, अगदी स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, झालं तर! चोवीस नंबरचा जॉइंट लावला आणि जोडीदार काही मागवला नाही. नाना असते तर...

मंगळवारी सकाळी तो भाग भट्टीतून निघाला. पुसून टेबलावर उभा करून ठेवला. घासायचं काम करणारे दळवी गावी गेले होते, त्यामुळे मी एकटीच. दुपारी दीडला शटर आतून ओढून घेतलं आणि मागच्या बाजूला डबा खायला बसले. टेबलापासून दहा पावलांवर. शटर ओढलेलं असलं तरी ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता, हे मुद्दाम सांगते.

हात धुऊन आले तर कोनावर निळ्या खडूच्या तीन रेघा!

आणि नुसत्या रेघा नाहीत. वरच्या टोकाला नखभर पुसलेल्या, खाली जशाच्या तशा. म्हणजे कुणीतरी जोड तपासून बघितला होता... आणि तो बसत नव्हता.

घाबरले असं वाटेल तुम्हाला. छे! मी चिडले. शटर तपासलं, बंद. स्वतःचे हात बघितले, स्वच्छ. म्हटलं, मीच कधीतरी केलं असेल, वय होतंय बाई. फडक्यानं रेघा पुसल्या आणि चहा टाकायला गेले. कप घेऊन परत येते तर रेघा पुन्हा तिथेच. तशाच, तेवढ्याच पुसलेल्या.

या वेळी मात्र कप खाली ठेवला. खुर्चीत बसले. मग एक गोष्ट ध्यानात आली. रेघा पुसल्या जायला कोन सॉकेटमध्ये घालावा लागतो. ते सॉकेट तर कल्याणला, पेठे मॅडमच्या कपाटात!

मोबाईलवर रेघांचा फोटो काढला आणि फोन लावला.

"मॅडम, तुमचा तो चंबू मला आजच्या आज बघायचाय."

"अहो, पट्टी लावून फोटो पाठवला ना मी? चोवीसच आहे."

"चोवीसच दिसतंय हो. तरी बघायचाय."

"परवा माझं प्रॅक्टिकल आहे आणि तुम्ही आता काय काढताय हे?"

"म्हणून तर म्हणतेय. मीच येते."

बाई वैतागल्या होत्या, पण थांबल्या. तो भाग टॉवेलमध्ये गुंडाळला आणि रिक्षानं थेट कल्याण गाठलं. चंबू हातात घेताक्षणी कळलं, हातानं घासलेला, जुना. "आमच्या आधीच्या सरांनी डोंबिवलीच्या कुणा कारागिराकडून करून घेतलेला," त्या म्हणाल्या. कोनावरच्या रेघा मी पुसल्या. वर्गातल्या पांढऱ्या खडूनं नव्या तीन ओढल्या, कोन चंबूत घातला, किंचित फिरवला, बाहेर काढला.

वरच्या टोकाला नखभर पुसलेल्या. खाली जशाच्या तशा.

मोबाईलमधला फोटो शेजारी धरला. काडीचा फरक नाही, फक्त खडूचा रंग वेगळा. तोंडाचं माप बरोबर होतं, पण चंबूचा आतला उतार निराळा होता. कोन नुसता काठावर टेकत होता, खाली सगळी फट. हलक्या हातानं लावला असता तर कुणाला कळलंही नसतं. ईथर तापलं असतं, वाफ त्या फटीतून बाहेर आली असती, आणि ईथरच्या वाफेला एक ठिणगी पुरते. मी पेठे मॅडमना एवढंच म्हटलं, "चुकलं माझं. दुरुस्त करून देते." खडूचं काही बोलले नाही.

बुधवार अख्खा घासण्यात गेला. कल्याणहून सोबत आणलेला चंबू समोर ठेवून कार्बोरंडमची पूड आणि पाणी लावत राहिले, मनगटं भरून आली. संध्याकाळी तिन्ही रेघा वरपासून खालपर्यंत पुसल्या गेल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. कोण जाणे का.

गुरुवारी मी स्वतः प्रॅक्टिकलला जाऊन बसले. पेठे मॅडमना वाटलं असेल बाईला कामधंदा नाही. अठरा मुली, सगळ्यांचे पांढरे कोट. चंबू गरम पाण्यात ठेवलेला, ईथर थेंब थेंब खाली येत होतं आणि मी कुत्र्यासारखी वास घेत बसलेली. तासाभरानं बाजूच्याच टेबलावर फर्रर्र आवाज झाला. एका मुलीनं बर्नर पेटवला होता! दोन हातांवर. मॅडम ओरडल्याच, "अगं ए, बंद कर ते! सकाळी काय सांगितलं होतं?"

तिनं बंद केला. "सॉरी मॅडम, विसरले," म्हणाली. एवढंच झालं. बाकी काही, काहीच झालं नाही.

त्या रेघा कुणी मारल्या? नवरा म्हणतो, टेन्शनमध्ये तूच मारल्या असशील. असेल बाबा. पण निळा खडू कुठून आणला, आणि कल्याणच्या कपाटातल्या सॉकेटमध्ये डोंबिवलीतून कोन कसा घातला, हे त्याला सांगता येत नाही. मलाही नाही. दळवींनी तर परत आल्यावर ऐकून नुसते हात जोडले.

नानांना मी जिवंतपणी एकदाही थँक्यू म्हटलं नव्हतं. सासऱ्यांना कोण म्हणतं हो? त्या दिवशी त्या लॅबमध्ये, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, "थँक्यू... खरंच थँक्यू."

ती बर्नरवाली पोरगी माझ्याकडे वळली. तिला वाटलं, बर्नर बंद केल्याबद्दल मी तिलाच म्हणतेय. छान हसली आणि म्हणाली, "वेलकम, काकू."