लटारीबुवांची वही

सन एकोणीसशे छप्पन. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मूळचा सेलूकडचा, पण सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून लग्नानंतर पुलगावजवळ बायकोच्या गावी येऊन राहिलो होतो. वैशाखातली गोष्ट. नाल्यापलीकडच्या वावरात वखर हाणत होतो. बैल ऐकत नव्हते आणि मी त्यांच्यावर ओरडत होतो. बांधावर एक उंच, वाळका माणूस काखेत छत्री धरून येऊन उभा राहिला. ऊन डोक्यावर होतं तरी छत्री उघडेना आणि हलेनाही. बऱ्याच वेळानं मीच चिडून विचारलं, "काय पाहून राह्यले जी?"

"पाहून नाई राह्यलो. आयकून राह्यलो. जवाई, अजून एकडाव हाका बरं बैल."

हे लटारीबुवा. आमच्या वस्तीच्या भजनी मंडळाचे प्रमुख. पोटासाठी पुलगावच्या कापड गिरणीत कताई खात्यात होते. मंडळात कोणाला घ्यायचं झालं तर त्याला बसवून गायला लावायचं, अशी त्यांची रीत नव्हती. माणूस जिथं काम करतो तिथं जाऊन ते उभे राहायचे. बाई जात्यावर बसलेली असो, हमाल गाठोडी उचलत असो, हे बाजूला उभे राहून ऐकणार. "गाय म्हन्लं का मानूस सोंग घेते," ते म्हणायचे. "कामात खरा गळा निघते. आंधी गळा आयकजो, मंग पान उघडजो."

पान म्हणजे त्यांच्या वहीचं पान. लाल कापडी पुठ्ठ्याची जाड वही होती. वीस-बावीस वर्षं लिहीत आणलेली. प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर म्हणणाऱ्याचं नाव. शब्दांच्या मधे त्यांच्या स्वतःच्या खुणा. श्वास घ्यायचा तिथं टिंब, सगळ्यांनी मिळून म्हणायचं तिथं आडवी रेघ, टाळ थांबवायचे तिथं फुली. मी दुसरी शिकलेला. अक्षर लावत लावत वाचायचो, पण त्या खुणा मला चार दिवसांत कळल्या. असं सोपं त्यांनी करून ठेवलं होतं.

नथू नावाचा, सरकी काढायच्या जिनातला हमाल होता. त्याचा आवाज फाटका. दुसऱ्या कोणी त्याला मंडळात बसू दिलं नसतं. बुवांनी त्याला एक संथ गाणं दिलं, जागोजागी थांबायचं. नथू थांबायचा तेव्हा ऐकणारे हातातलं काम टाकायचे. बुवा म्हणायचे, "फाटका गळा दुःखाच्या गान्यात चालते, आनंदाच्या नाई. मानूस पाहून गानं द्याव. मोठं गानं लहान गळ्याले देल्लं का गानं बी मरते अन् मानूस बी."

मला वाटलं होतं, माझा एवढा आवाज, मला पहिलं पान मिळणार. मिळाले टाळ. मी महिनाभर थांबलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बुवा, माह्या नावाचं पान कधी?"

"जवाई, गळा तुमचा मोठा हाये. पन तो बाजूच्याले आयकत नाई. आयकाले लागला का देईन. तोवर टाळ."

"जवाईबापूले टाळ!" नथू म्हणाला आणि सगळे हसले. मीही हसलो, पण ते हसणं माझ्या जिवावर आलं होतं. सेलूच्या बाजारात माझी हाक ऐकून लोक वळून पाहायचे आणि इथं एक खोकणारा गिरणीवाला मला टाळ वाजवायला सांगत होता. हे मी विसरलो नाही. विसरायला हवं होतं, असं आता म्हणणं सोपं आहे.

श्रावणात गावच्या देवळात सप्ताह असायचा. आमच्या मंडळाचं गाणं गावाला लागायचं, आम्ही लागायचो नाही. देवळाच्या भिंतीबाहेर, निंबाखाली आमची जागा. तिथं उभं राहून म्हणायचं. त्या दिवशी बुवांना वही चाळताना मी पाहिलं. आतापर्यंत बसवलेलं एकही गाणं त्यांनी काढलं नाही. लांब ओढीची, उंच सुराची तीनच पानं काढली. मला म्हणाले, "हे भिंतीच्या वरून जातात. बाकीचे इथंच पडतात."

गाणं झालं. आतून एकजण आला आणि पायरीवरून प्रसाद टाकला. बुवांनी धोतराचा सोगा पुढं करून झेलला. मी हात मागं बांधून उभा राहिलो. परत येताना मी म्हणालो, "बुवा, लाज नाई वाटत?"

"वाटते न. रोज वाटते," ते म्हणाले. "लाजेसाठी बी मी तीन पानं ठेवली हाये."

मला ते उत्तर पटलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं की आम्हाला भिंतीबाहेर उभं करणारी हीच वही आहे.

दसऱ्याला आम्ही सगळे पुलगावहून गाडीनं नागपूरला गेलो. पांढरी लुगडी, पांढरी धोतरं. दीक्षा घेतली. देव सोडले. ते मी इथं सांगत बसत नाही, ज्यानं पाहिलं त्याला माहीत आहे. परत आल्यावर चौथ्या दिवशी वस्तीत ठरलं की घरोघरचे टाक, तसबिरी, मूर्ती टोपल्यांत भरून वर्धा नदीच्या डोहात सोडायच्या. मी पुढारी झालो होतो. कोणी केलं नव्हतं, माझा मीच झालो होतो.

मी बुवांच्या दारात जाऊन म्हणालो, "वही बी द्या. तिच्यात सगळे तेच देव हाये."

"वही राहू दे. तिले मी पाहतो. आठ दिवस द्या, जवाई. निवडून राह्यलो मी."

"निवडाचं काय त्यात? सोडलं तं सोडलं. का तुमचा अजून जीव अडकून राह्यला?"

बुवांना खोकल्याची ढास आली. गिरणीतल्या कापसाची बारीक धूळ त्यांच्या छातीत बसली होती. ढास थांबल्यावर म्हणाले, "तांदूळ निवडताना खडा फेकाव लागते. सूप नाई फेकत."

माझ्या मते ती पळवाट होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. भोंगा होऊन गेल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. सोनाकाकू, म्हणजे बुवांची बायको, अंगण सारवत होती. मी म्हणालो, "काकू, बुवांनी वही मांगतली. नदीवर न्याची हाये."

ती शेणाचे हात तसेच धरून थांबली. "त्यायनं सांगतलं?"

"हो."

"सोताच्या तोंडानं?"

"हो म्हन्लं न, काकू."

तिनं हात धुतले, लुगड्याला पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढून वही दिली. माझ्याकडं पाहिलं नाही. तिचा विश्वास बसला होता, कारण माझ्यासारखा वस्तीचा जावई खोटं कशाला बोलेल.

मी वही उघडली ती पहिल्या पानावर. देवाचं नाव लागलं. दुसऱ्या पानावरही तेच. मला तेवढं पुरलं. वही टोपलीत तसबिरींच्या खाली घातली, वर दगड ठेवला, आणि दुपारी सगळ्यांबरोबर डोहात सोडून दिली. बुडबुडे आले. लोकांनी घोषणा दिल्या. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

संध्याकाळी बुवा माझ्या सासऱ्याच्या गोठ्याशी आले. आरडाओरडा करतील म्हणून मी तयार होऊन उभा होतो. त्यांनी हळू विचारलं, "मांगून उघडून पाह्यली का?"

"मांगून म्हंजे?"

"शेवटाकडून. वही उलटी धरून."

मी वाकून बैलाचं दावं खुंट्याला बांधायला लागलो.

"दोनीकडून लिवली होती ते," बुवा म्हणाले. "शेवटाकडून नवे होते. बुद्धाचे. लगनाचे, मातीचे, पोराचं नाव ठेवाचे. नागपूरच्या मंडळींकडून उतरवून आनले, काही मी जोडले. दीक्षेच्या आंधीपासून, दीड वरीस लागलं. चाली जुन्याच ठेवल्या, का आपल्या बायांच्या तोंडात त्याच हाये. ज्याच्या त्याच्या गळ्यापरमानं खुना करून ठेवल्या होत्या. दोन-तीन पानं राह्यले होते म्हनून आठ दिवस मांगतले."

ते वळले आणि पुन्हा थांबले.

"घरी तिनं इचारलं, तं मी सांगतलं का हो, मीच मांगतली. तू काई बोलू नको तिच्याजवळ. फसून आपल्या हातानं देल्ली हे तिले कळलं तं ते खंगून मरन."

त्या दिवसापासून बुवांनी मला जवाई म्हटलं नाही. किसन म्हणायचे आणि तुम्हीचं तू झालं.

डिसेंबरात, ज्यांच्या हातून दीक्षा घेतली ते साहेब गेल्याची बातमी गिरणीतून आली. वस्ती चौकात जमा झाली. कोणी बोलवलं नव्हतं. मंडळाचे लोक टाळ, मृदंग घेऊन आले, कारण आमच्याकडं कोणी गेलं की गायचं, हे पिढ्यांचं वळण. बसले खरे, आणि मग एकमेकांकडं पाहू लागले. काय म्हणायचं? जुनं म्हणायचं नाही आणि नवं येत नाही. नथूनं विचारलं, "बुवा, पान?" बुवांनी डोळे मिटून सूर धरला. एक ओळ म्हटली, दुसरीला छाती भरून आली आणि खोकल्यानं ते वाकले. मागून एका म्हातारीनं सवयीनं जुनं गाणं उचललं. दोन शब्दांवर तिला कळलं, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. एवढी माणसं, एवढं रडं, आणि मृदंग मांडीवर तसाच पडून. मी उठून घोषणा दिली. दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा माझाच आवाज मला ऐकवेना. मी खाली बसलो.

त्यानंतर बुवांनी नवी वही घातली. हिवाळाभर एकेकाला घरी बोलवायचे आणि आठवेल ते तोंडानं सांगायचे. नथूला दिलं, बायांना दिलं. मला बोलावणं आलं नाही. मी स्वतःहून गेलो नाही, माझी मान ताठ होती. एकदा मात्र मी कडब्याचं ओझं घेऊन त्यांच्या दारावरून जात होतो, तेव्हा सोनाकाकू बुवांना ऐकवत होती.

"सोताच मांगून बुडवाले लावली, अन् आता डोक्स खाजवत बसते! लोकायच्या नादी लागून! मी तं पोरावानी सांभाळली होती खुंटीवर. तुमाले कशी बुद्धी झाली?"

बुवांनी दारातून मला पाहिलं. मी ओझ्याखाली उभा. मी एक शब्द बोललो असतो तर तिचं तोंड तिथंच थांबलं असतं. बुवांनी नजर काढून घेतली आणि तिला म्हणाले, "झाली खरी. काय करतं आता." मी पुढं चालायला लागलो. त्या हिवाळ्यात तिनं त्यांना हे किती वेळा ऐकवलं असेल ते मला माहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

चैत्रात ते अंथरुणाला लागले. काकू पाण्याला गेलेली पाहून मी आत गेलो. बुवांच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा झाल्या होत्या. उशाशी नवी वही होती. मी बसलो आणि विचारलं. माफी मागायला गेलो होतो, पण तोंडून निघालं ते वेगळंच. "बुवा, त्या वहीत माह्या नावाचं पान होतं का?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"सा महिने लागले तुले इचाराले," ते म्हणाले. "अन् इचारलं ते बी सोताचंच."

मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी काकूची घागर वाजेपर्यंत बसलो आणि निघून आलो. चौथ्या दिवशी बुवा गेले.

नव्या वहीत चार गाणी उतरली होती. नथूनं घरात एक म्हटलं, बायांनी अंगणात एक म्हटलं. तिरडी उचलल्यावर लोक थांबले. तिरडीच्या पुढं एकानं गात चालायचं असतं आणि मागच्यांनी धरायचं असतं. त्याला मोठा गळा लागतो. नथू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पुढं चालाचं गानं नाई आपल्यापाशी. बुवाले ते आठवलंच नाई. नाईतं आठवलं असन, पन त्यायनं कोनाले देल्लं नाई."

मी खांदा दिला. वस्तीपासून नदीकाठापर्यंतचा रस्ता आम्ही मुक्यानं चाललो. इतक्या माणसांच्या पायांचा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मी बाजूच्याला ऐकत होतो. सगळ्यांचे श्वास ऐकत होतो. माती दिली. घरी आलो, जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, भोंगा होण्याच्या आत, मी बुवांच्या घरी गेलो. सोनाकाकू चुलीजवळ बसली होती, चूल पेटवलेली नव्हती. दोन बाया तिच्या सोबतीला होत्या. मी त्यांना बाहेर जायला सांगितलं नाही, त्यांनीही ऐकावं म्हणून. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिलो आणि माझ्या मोठ्या आवाजात म्हणालो, "काकू, बुवांनी वही मांगतली नव्हती. मी खोटं बोललो होतो तुमच्याशी."

तिनं वर पाहिलं. ती काय म्हणते ते ऐकायला मी तिथं उभा राहिलो.